जात्यापाशी बोललेलं

बोम्मसंद्र्याला मुलाकडे राहायला आल्यापासून माझी सकाळ फार लांब झाली आहे. कारखान्यांच्या बसगाड्या गेल्या की गल्ली सुनी होते. पलीकडच्या कौलारू घरातल्या आजींनी परवा हाताने खुणावून आत बोलावलं. पडवीत जातं होतं. त्या त्याला बीसोकल्लु म्हणतात. खुंट्याला हात लावून त्यांनी तीन ओळी गायल्या. मला एकच शब्द कळला, तवरु. म्हणजे माहेर.

कन्नड बायकांची दळणाची गाणी त्रिपदीत असतात. बदामीच्या कप्पे अरभट्टाच्या, साधारण 700च्या सुमाराच्या शिलालेखात हीच त्रिपदी आहे. आणि आपल्या ओवीची एक जुनी लेखी खूणही याच मुलखातली. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात लिहून गेला, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राजाच्या कानावर ते गाणं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. गाणारीने ते कुणाला ऐकवायला म्हटलेलं नसणार.

पहाटे घर झोपलेलं, जात्याची घरघर सोबतीला, आणि दिवसा जे ओठांवर येत नाही ते तेव्हा बोलता येई. सासूचं, भावाच्या वाटेकडे लागलेल्या डोळ्यांचं, पोटच्या लेकराचं. म्हणून तर जनाबाईच्या दळणाला विठ्ठल येऊन बसला. गोपाळपूरला तिचं जातं अजून दाखवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एवढं सगळं बायका दगडाला सांगत होत्या.

माझी धाकटी बहीण सव्वा वर्षाची होऊन गेली. आईने दिवसा तिचं नाव कधीच काढलं नाही. पहाटे मात्र वैरणीची मूठ घालताना तिला हाक मारल्यासारखी ओवी म्हणायची, आणि मी गोधडीत जागी असायची. पुढे गावात पिठाची गिरणी आली. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बायका हसत निघाल्या, आईसुद्धा. हाताचे घट्टे गेले, ते बरंच झालं. पण बहिणीचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी घेतलं नाही.

आजींनी नाचणीचं सूप माझ्याकडे सरकवलं. मी मूठभर दाणे घातले, खुंटा धरला. आवाज फुटायला वेळ लागला. पहिल्या ओवीत मी तिचं नाव घेतलं. आजींना मराठी येत नाही. त्या दुसऱ्या बाजूने खुंटा धरून बसल्या.