विद्युत उद्दीपन : मज्जातंतूंचे आणि स्नायूंचे

इटालियन शास्त्रज्ञ लुइगी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि विजेने स्नायू आकुंचन पावतात, हे जगाला कळले. किती तीव्रतेची वीज किती काळ द्यावी, याचे गणित मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लापिक याने १९०९ मध्ये मांडले. दीर्घकाळ दिल्यास जेमतेम प्रतिसाद मिळविणारा किमान प्रवाह म्हणजे 'ऱ्हिओबेस'. त्याच्या दुप्पट प्रवाहाला प्रतिसाद मिळण्यास लागणारा वेळ म्हणजे 'क्रोनॅक्सी'.

मज्जातंतूची क्रोनॅक्सी एका मिलिसेकंदाहूनही कमी असते. स्नायूतंतूची तिच्या कित्येक पट असते. म्हणूनच मज्जातंतू शाबूत असल्यास अल्पावधीचे स्पंद पुरतात आणि स्नायू मज्जातंतूमार्फतच आकुंचन पावतो. अपघातात मज्जातंतू तुटला असल्यास हेच स्पंद निष्प्रभ ठरतात. अशा स्नायूला दहापासून शंभर मिलिसेकंदांपर्यंत किंवा त्याहूनही दीर्घ स्पंद द्यावे लागतात. उपकरण तेच, रुग्णही तोच. पण निदान चुकले तर उपचार वाया जातो.

स्पंदांची वारंवारिताही तितकीच महत्त्वाची आहे. सेकंदाला एक-दोन स्पंद दिल्यास स्नायू नुसता उडतो. २० ते ५० स्पंद दिल्यास ही आकुंचने एकमेकांत मिसळून सलग ताण निर्माण होतो. वारंवारिता वाढविल्यास बळ वाढते. पण स्नायू लवकर थकतो. शरीर स्वतः हालचाल करताना आधी लहान, चिवट तंतू कामाला लावते आणि गरजेनुसार मोठे. बाहेरून दिलेली वीज हा क्रम पाळत नाही. सर्व तंतू एकाच वेळी राबतात. थकव्याचे हेही एक प्रमुख कारण आहे.

उद्दीपनाचा आकृतिबंध स्नायूची प्रकृतीही पालटू शकतो. सॅमन्स आणि व्हर्बोव्हा यांनी १९६९ मध्ये दाखविले, की शीघ्रगती स्नायूला सेकंदाला १० स्पंद सातत्याने आठवडेच्या आठवडे दिल्यास तो मंदगती स्नायूसारखा वागू लागतो.

वेदनाशमनासाठी वापरल्या जाणाऱ्या 'टेन्स' उपकरणाचा हेतू याहून निराळा असतो. त्यात संवेदना वाहणारे तंतू चेतवले जातात. स्नायू हलविणे हा उद्देश नसतो. दोन्ही उपकरणे दिसायला सारखी असली तरी त्यांची अदलाबदल करू नये. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती वापरणे धोक्याचे ठरू शकते.