जुनी पिस्तुले : आधी पारख, मग खरेदी

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये घडलेल्या पिस्तुलांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या वाचकासाठी हे पुस्तक आहे. ‘यात पैसे गुंतवावेत का?’ हा प्रश्न मनात घेऊन जो आला असेल, त्याचे विशेष स्वागत. प्रश्न रास्त आहे. मुरलेले संग्राहक तो चारचौघांत विचारत नाहीत, इतकेच.

उत्तर आधीच देऊन टाकतो. पिस्तूल व्याज देत नाही, लाभांश देत नाही; जे काही पदरात पडायचे ते विक्रीच्या दिवशी. लिलावात घेताना बोलीच्या वर कमिशन भरावे लागते आणि विकताना पुन्हा कापले जाते. ही दुहेरी कात्री भरून निघण्याइतकी किंमत वाढायला वेळ लागतो, आणि वस्तूच चुकीची निघाली तर ती कधीच भरून निघत नाही. तेव्हा या बाजारात खरे भांडवल पारखीचे. ती उपजत नसते, कमवावी लागते, आणि बरीचशी खुद्द पिस्तूलच शिकवते.

शिकायला सुरुवात नळीवरच्या शिक्क्यांपासून करावी. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये राजसनद मिळाली. जास्त दारू ठासून, बार काढून तपासलेल्या नळीवर तिचे शिक्के उमटत : मुकुटाखाली ‘जीपी’ ही अक्षरे आणि मुकुटाखाली ‘व्ही’. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस, म्हणजे नळ्या तपासणारी तिथली संस्था, मात्र १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. त्याच्या शिक्क्यात मुकुट आणि एकमेकांना छेदणारे राजदंड असतात. विक्रेता ‘१७८० चे’ म्हणून पिस्तूल पुढे करतो आणि नळीवर हे राजदंड दिसतात, तेव्हा साल चुकलेले असू शकते किंवा नळी मागाहून बसवलेली असू शकते. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर १८०८ पर्यंत हृदयाच्या आकाराची खूण असे, पुढे तिच्या जागी सिंह आला. अशी खूण नक्की कालखंड सांगते. म्हणूनच ती खोटी कोरण्याचा मोहही होतो.

दुसरा धडा चकमकीचा. १८२० नंतर टोपीची, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या धातूच्या टोपीवर चालणारी, पिस्तुले रुळू लागली आणि लोकांनी आपली गारेच्या ठिणगीवर चालणारी चकमकीची पिस्तुले बदलून घेतली : रंजकाचा प्याला आणि त्यावरची पोलादी झडप काढायची, नळीच्या कानाच्या, म्हणजे दारूपर्यंत ठिणगी नेणाऱ्या छिद्राच्या, जागी टोपीचे निपल बसवायचे, घोडा बदलायचा. आज मूळ चकमकीच्या पिस्तुलाला सहसा जास्त भाव येतो, म्हणून अशी बदललेली पिस्तुले पुन्हा ‘मूळपदावर’ आणली जातात. भिंग घेऊन कानाभोवती पाहावे : भर घातल्याचे वर्तुळ दिसते का? लॉकच्या पट्टीवर बुजवलेली भोके आहेत का? सगळे पोलाद काळपट असताना घोडा तेवढाच निळसर का? दुरुस्ती हा गुन्हा नव्हे. ती लपवून पूर्ण किंमत मागणे ही फसवणूक आहे.

तिसरे, घासूनपुसून लखलखीत केलेल्या पिस्तुलापासून दूर राहावे. चाकावर घासल्याने नळीच्या कडा गोल होतात, कोरलेले नाव उथळ होते, काळाने चढवलेली छटा जाते. ती परत आणता येत नाही. हाती आलेले पिस्तूलही स्वतः चमकवू नये. पण पहिले काम करायचे ते सुरक्षेचे. गज नळीत घालून तो किती खोल जातो ते पाहावे आणि बाहेरून नळीच्या लांबीशी ताडून घ्यावे. तो कानापर्यंत पोचत नसेल तर आत जुना बार तसाच असू शकतो; मग जाणकाराला बोलवावे.

कुळकथेला किंमत असते, पण कागद असेल तरच. नेपोलियनची पिस्तुलांची जोडी २०२४ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १६.९ लाख युरोंना विकली गेली, कारण ती त्याच्याकडून त्याचा अधिकारी कोलँकूर याच्याकडे गेल्याचा माग लागतो. तीच जोडी फ्रान्सने राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली, हेही गुंतवणूकदाराने लक्षात घ्यावे.

कायदा देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या पुरातन शस्त्रांना १९६८ च्या कायद्यात सूट आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधीची बनावट ही मर्यादा आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्रापुरती आहे. केवळ वय पुरेसे नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने किमान शंभर वर्षे जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. साताऱ्याच्या वाड्यात आजोबांच्या पेटीत ठासणीचे पिस्तूल निघाले, तर लंडनच्या लिलावातला भाव त्याला लावू नये. आधी परवाना अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

नवशिक्याने सुरुवातीचा पैसा संदर्भग्रंथांवर घालवावा आणि वेळ लिलावापूर्वीच्या प्रदर्शनांत, जिथे वस्तू हातात घेऊन पाहता येते. पुढे पहिली खरेदी करताना मॅन्टनसारख्या बड्या नावाचे जोडजाड केलेले पिस्तूल घेण्यापेक्षा बर्मिंगहॅमच्या कुण्या साध्या कारागिराचे, सगळे भाग मूळचे असलेले, टोपीचे खिशातले पिस्तूल घ्यावे. त्यावर फायदा झाला नाही तरी तोटा आटोक्यात राहील, आणि पुढच्या प्रत्येक पिस्तुलाशी ताडून पाहायला एक अस्सल नमुना घरात राहील.