कार-टी सेल थेरपी म्हणजे काय?

रुग्णाच्याच पेशींना कर्करोगाशी लढायला सज्ज करणारा उपचार म्हणजे कार-टी सेल थेरपी. आपल्या रक्तातल्या टी-पेशी विषाणूबाधित पेशी ओळखून मारतात, पण कर्करोगाच्या पेशी अनेकदा त्यांना चकवतात.

उपचार कसा होतो?
रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत नवं जनुक घालतात. मग त्या बी-पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखू लागतात. त्यांची संख्या वाढवून त्या शिरेतून परत देतात. सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मरतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. तीव्र ताप येणं, रक्तदाब घसरणं असे गंभीर दुष्परिणामही होऊ शकतात.

भारतात कधी आला?
अमेरिकेत २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून साकारलेल्या 'नेक्सकार१९'ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार इथे लाखांत होतो.

प्रत्येक कॅन्सरवर चालतो?
नाही. 'नेक्सकार१९' बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांसाठीच आहे, तेही आजार उलटल्यावर किंवा नेहमीचे उपचार लागू न पडल्यास. स्तन, तोंड, फुप्फुसाच्या गाठींवर ते वापरत नाहीत. त्यामुळे 'कॅन्सरवर रामबाण' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी 'कोणता कॅन्सर?' हे विचारा.