काचेवरची अक्षरे : ऑगमेंटेड रिॲलिटीचा प्रवास आणि आपण

मागच्या वर्षीची गोष्ट. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या आणि आठवीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. हृदयाचा धडा कसा घ्यावा सुचेना, म्हणून फोनमध्ये एक ॲप उघडले आणि कॅमेरा पहिल्या बाकाकडे धरला. फोनच्या पडद्यावर त्याच बाकावर एक धडधडणारे हृदय उभे राहिले. मुले गोळा झाली. एका मुलीने बाकावरून हळूच हात फिरवला. हाताला काहीच लागले नाही. ती म्हणाली, "सर, ये है भी और नहीं भी!"

लगेच मागून दुसऱ्या मुलाने विचारले, "सर, उसपे लिखा क्या है?" हृदयाच्या प्रत्येक कप्प्याला नाव दिले होते आणि सगळी नावे इंग्रजीत होती. आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गातल्या चार-पाच मुलांनाच ती अडखळत वाचता आली.

त्या मुलीचे वाक्य आणि त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. सुटीत या तंत्रज्ञानाचा इतिहास वाचायला घेतला, आणि लक्षात आले की मुलीच्या वाक्यात त्याची व्याख्या आहे, तर मुलाच्या प्रश्नात त्याचे भवितव्य. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

नाव आणि ओळख

ऑगमेंटेड रिॲलिटीला मराठीत 'वर्धित वास्तव' म्हणतात, उर्दूत 'अफजूदा हकीकत'. दोन्ही शब्दांत 'भर घातलेले' असा अर्थ आहे. व्हर्च्युअल रिॲलिटीत डोळ्यांवर चष्मा चढवला की खरे जग दिसेनासे होते आणि दुसरेच जग दिसू लागते. इथे तसे नाही. खरा बाक, खरी भिंत, खरा रस्ता जागेवर राहतो आणि त्यात संगणक काहीतरी भर घालतो.

१९९७ साली रोनाल्ड अझुमा या अमेरिकन संशोधकाने या विषयाचा आढावा घेताना तीन कसोट्या सांगितल्या. त्या आजही मानल्या जातात. एक, खरे आणि आभासी एकत्र दिसले पाहिजे. दोन, ते त्याच क्षणी घडले पाहिजे आणि पाहणाऱ्याला प्रतिसाद देणारे असले पाहिजे. तीन, आभासी वस्तू खऱ्या जागेत लांबी, रुंदी, खोली यांसह पक्की बसली पाहिजे. म्हणजे मी बाकाला वळसा घातला तर हृदयाची मागची बाजू दिसली पाहिजे.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. पायचीतच्या निर्णयासाठी चेंडूचा मार्ग दाखवणारे 'हॉक-आय' २००१ पासून आपण पाहतो आहोत. पण तो मार्ग चेंडू पडून गेल्यावर, संगणकाने काढलेल्या खेळपट्टीवर दाखवतात. म्हणून तो या कसोट्यांवर उतरत नाही. याउलट १९९८ पासून अमेरिकन फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणात मैदानावर एक पिवळी रेघ दिसू लागली. खेळाडू तिच्यावरून धावतात आणि ती त्यांच्या पायांखाली दिसते, पण मैदानावर रेघ नसतेच. ही रेघ वर्धित वास्तवाच्या जातीची आहे.

डोळा आणि मन

इथे थोडे मागे जाऊ. दहाव्या शतकात बसरा येथे जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी पुढे कैरोमध्ये 'किताबुल मनाझिर' हा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. इब्नुल हैसम यांनी युक्तिवाद आणि प्रयोग यांच्या आधारे मांडले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी सांगितली, ती अशी की डोळ्यात प्रकाश येणे म्हणजे पाहणे पूर्ण होणे नव्हे. अंतर किती, आकार कोणता, वस्तू ओळखीची की अनोळखी, हे मन ठरवते. ते अनुभवाने ठरवते आणि त्यात चूकही होऊ शकते.

इब्नुल हैसम यांचे नाव निघाले की आपल्याकडे व्हॉट्सॲपवर 'हा शोध आपणच हजार वर्षांपूर्वी लावला होता' अशा धर्तीचे संदेश फिरू लागतात. मी शिक्षक आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. त्यांनी वर्धित वास्तवाचा शोध लावला नाही. वाडवडिलांच्या नावावर न केलेले काम चढवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हीच तर त्यांची शिकवण. मात्र हे तंत्र ज्या फटीतून आत शिरते, ती डोळा आणि मन यांच्यामधली फट त्यांनी बारकाईने न्याहाळली होती, एवढे खात्रीने म्हणता येते.

रंगभूमीवरून विमानात

या फटीचा पहिला मोठा तमाशा लंडनमध्ये झाला. १८६२ च्या नाताळच्या आदल्या रात्री रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत आणले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची होती. युक्ती साधी होती. रंगमंचावर एक मोठी स्वच्छ काच तिरपी उभी करायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खालच्या जागेत नट उभा करायचा आणि त्याच्यावर झगझगीत उजेड सोडायचा. काचेतून पलीकडचे खरे नट दिसतात आणि काचेवर लपलेल्या नटाचे प्रतिबिंब उमटते. दोन्ही एकाच जागी आहेत असे वाटते. रात्री एसटीच्या खिडकीतून बाहेरचे दिवे आणि आपला चेहरा एकदमच दिसतो ना, तसेच. या युक्तीला आजही 'पेपरचे भूत' म्हणतात.

हीच काच पुढे युद्धात गेली. १९०० मध्ये हॉवर्ड ग्रब या आयरिश दुर्बीणकाराने बंदुकीसाठी नेम धरण्याच्या अशा काचेचे पेटंट घेतले, जिच्यावर नेमाची खूण समोरच्या दृश्यात तरंगताना दिसे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत अशा नेमकाचा होत्या. त्यातूनच वैमानिकाची नजर समोरून हलू न देता वेग आणि उंची काचेवर दाखवणारे 'हेड-अप डिस्प्ले' आले.

मग संगणक आला. इव्हान सदरलँड यांनी १९६५ मध्ये एका छोट्या निबंधात अशा पडद्याची कल्पना केली, ज्यावर संगणक वस्तूंचे अस्तित्वच हाताळू शकेल. १९६८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने डोक्यावर घालायचे यंत्र तयार केले. डोके कुठे वळले हे कळावे म्हणून ते छताला लावलेल्या दांड्याला जोडलेले होते. घालणाऱ्याला अर्धपारदर्शक आरशांतून खोली दिसे आणि खोलीत तारांनी बनवल्यासारखा एक ठोकळा तरंगताना दिसे. डोके वळवले की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसे. आमच्या आठवीतल्या हृदयाचा हा आजोबा.

'ऑगमेंटेड रिॲलिटी' हा शब्द मात्र कारखान्यातून आला. विमानात वायरींचे जाडजूड जुडगे असतात. ते बांधण्यासाठी बोईंगचे कामगार मोठ्या फळ्यांवर पूर्ण आकाराचे नकाशे लावत. प्रत्येक जुडग्याला वेगळी फळी लागे. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी सुचवले की फळी कोरी ठेवा आणि कामगाराच्या चष्म्यातच वायरीची वाट दाखवा. १९९२ च्या त्यांच्या निबंधातून हा शब्द सर्वत्र गेला.

खिशात आलेली काच

१९९९ मध्ये जपानच्या हिरोकाझू काटो यांनी 'एआर-टूलकिट' हे सॉफ्टवेअर तयार केले आणि ते पुढे सर्वांसाठी खुले झाले. कागदावर काळा चौकोन छापायचा. तो कॅमेऱ्याला कसा वाकडा-तिकडा दिसतो, यावरून संगणक आपली जागा ओळखतो आणि त्यावर चित्र बसवतो. दावेदार कंपन्यांच्या प्रयोगशाळांबाहेरचे विद्यार्थी आणि हौशी लोक या क्षेत्रात आले, ते या खुलेपणामुळे.

पुढे चौकोनाचीही गरज उरली नाही. आजचा फोन समोरच्या दृश्यातले कोपरे, डाग, कडा असे शेकडो बिंदू हेरतो, फोन किती हलला हे आतल्या संवेदकांकडून घेतो आणि दोन्हींचा मेळ घालून खोलीचा अंदाज बांधतो. २०१७ मध्ये ॲपलचे 'एआरकिट' आले, पाठोपाठ गूगलचे 'एआरकोअर', आणि ही क्षमता साध्या ॲप बनवणाऱ्यांच्या हाती आली.

त्याआधी २०१६ च्या जुलैत 'पोकेमॉन गो' या खेळाने जगाला वेड लावले होते. लोक फोन घेऊन रस्त्यांवर आभासी प्राणी पकडत फिरू लागले. पण हे प्राणी कुठे दिसावेत, हे त्या जागेच्या लोकांना कुणी विचारलेच नव्हते. वॉशिंग्टनमधल्या ज्यूंच्या नरसंहाराच्या स्मृती-संग्रहालयाला 'कृपया येथे हा खेळ खेळू नका' असे सांगावे लागले. दुसऱ्याच्या दुःखाच्या जागेवर दूर बसलेल्या कंपनीचे चित्र चिकटू शकते, हे तेव्हा साऱ्यांनी पाहिले.

'गूगल ग्लास' या चष्म्याचे वेगळेच झाले. २०१३ मध्ये तो १५०० डॉलरला काही निवडक लोकांना मिळाला. समोरचा माणूस आपले चित्रण करतो आहे की नाही हे कळत नसल्याने लोक बिथरले आणि काही ठिकाणी त्यावर बंदी आली. जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. २०२४ मध्ये ॲपलचा 'व्हिजन प्रो' ३४९९ डॉलरला आला. तंत्र पुष्कळ पुढे गेले, पण ते अजून महाग आणि जड आहे. चष्मे हलके आणि स्वस्त करण्याची धडपड सगळीकडे चालू आहे. ते जमले, तर फोन उचलून पाहण्याचीही गरज राहणार नाही.

मग आपले काय?

हा इतिहास वाचताना मला एक क्रम दिसला. काच आधी रंगमंचावर होती, मग विमानात, मग कामगाराच्या डोक्यावर, मग आपल्या खिशात. आता ती डोळ्यासमोर येऊ पाहते आहे. ती जितकी जवळ येते, तितका एक प्रश्न मोठा होतो : या काचेवर लिहितो कोण?

रस्त्यावरची पाटी चुकीची असेल तर आपण तक्रार करू शकतो, कारण ती सर्वांना दिसते. चष्म्यातली पाटी फक्त मला दिसेल. शेजारच्याला वेगळी दिसेल. एकाच दर्ग्यापुढे, एकाच किल्ल्यापुढे उभ्या असलेल्या दोन मुलांना दोन वेगळे इतिहास वाचायला मिळतील आणि दोघांनाही वाटेल की आपण 'डोळ्यांनी पाहिले'. इब्नुल हैसम यांनी सांगितलेली मनाची चूक इथे कुणीतरी ठरवून घडवू शकेल. मला भीती वाटते ती याची.

भाषेचे दुखणे तर आजचेच आहे. एकदा मी एका भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा उर्दू पाटीवर धरला. नस्तालीकची तिरपी, एकमेकांवर चढणारी अक्षरे त्याने अशी काही तोडून वाचली की दवाखान्याची पाटी कुठल्या तरी प्रार्थनेसारखी झाली. आम्ही हसलो. पण उद्या जगाचे वाचन याच काचेतून होणार असेल, तर ज्या भाषा तिला नीट वाचता येत नाहीत, त्या भाषांतले लिखाण मुलांना जणू दिसणारच नाही.

तरीही मी या काचेला दूर ठेवा म्हणणार नाही. तिची खरी ताकद न दिसणारे दाखवण्यात आहे. औरंगाबादचेच घ्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबर यांनी या शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले. ती 'नहर-ए-अंबरी'. पुढे अठराव्या शतकात अशाच दुसऱ्या नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. आम्ही मुलांना तिथे नेतो. मुले वरून कोसळणारे पाणी बघतात, फोटो काढतात, कुल्फी खातात आणि परततात. ज्या अक्कलहुशारीने ते पाणी डोंगराकडून शहरात आले, ती पायाखाली गाडलेली आहे. फोन जमिनीकडे धरला आणि खालचा भुयारी मार्ग, पाण्याचा उतार, मातीचे नळ जागच्या जागी दिसले तर? एक तास फळ्यावर शिकवून जे समजत नाही, ते दोन मिनिटांत समजेल. नावे उर्दू आणि मराठीत असली तर घरी जाऊन मुले आईलाही सांगतील.

असे ॲप आमच्याकडे नाही. ते बनवायला अभियंते लागतील, पैसा लागेल. पण त्यातला मजकूर लिहायला अभियंता लागत नाही. तो गावातल्या माणसांना, शिक्षकांना आणि मुलांनाच लिहावा लागेल. आपण लिहिला नाही तर दुसरा कुणी लिहील, आणि मग तक्रार करण्याचा आपला हक्क अर्धा झालेला असेल.

म्हणून यंदा मी आठवीला एक गृहपाठ दिला. गावातली एक जागा निवडा. तिच्यासमोर फोन धरल्यावर लोकांना काय दिसावे, ते मराठीत चार ओळी आणि उर्दूत चार ओळी लिहा. ऐकीव असेल तर कुणाकडून ऐकले तेही लिहा. बहुतेकांनी मशीद, वेस, बाजार निवडला. हृदयावरून हात फिरवणाऱ्या मुलीच्या धाकट्या बहिणीने निवडली शाळेमागची बुजलेली विहीर. तिथे आता कचरा पडतो. तिने लिहिले होते की येथे तिची दादी पाणी भरायला येत असे, आणि उन्हाळ्यात रांग एवढी मोठी असे की बायका घागरी ओळीने मांडून सावलीत जाऊन बसत. खाली लिहिले होते : 'दादींनी सांगितले.'

ती वही मी जपून ठेवली आहे. काच येईल तेव्हा येईल. लिहायचे काय, ते आमच्याकडे तयार असेल.