पुसून टाकलेले इंद्रधनुष्य

अफगाणिस्तान म्हटले की आपल्याला हिंग, सुकामेवा आणि टागोरांचा काबुलीवाला एवढेच आठवते. त्या देशात चित्रपटही निघाले, हे पुष्कळ भगिनींच्या ध्यानी नसेल. म्हणून सिद्दिक बर्मक या दिग्दर्शकाची हकीकत सांगण्याचे मी योजिले आहे.

बर्मक यांचा जन्म १९६२ साली पंजशीर खोऱ्यातला. मॉस्कोच्या चित्रपट विद्यालयातून १९८७ साली ते दिग्दर्शन शिकून बाहेर पडले. पुढे काबूलच्या 'अफगाण फिल्म' या सरकारी संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली. पण १९९६ साली तालिबानांनी काबूल घेतले. चित्रपटगृहे बंद झाली आणि बर्मक यांना शहर सोडावे लागले. संस्थेच्या सेवकांनी मात्र जिवावर उदार होऊन पुष्कळशी रिळे एका खोट्या भिंतीआड दडविली.

स्त्रियांवर तर आभाळच कोसळले. नोकरी बंद, मुलींची शाळा बंद, घरचा पुरुष सोबत असल्यावाचून उंबरठा ओलांडावयाचा नाही. मग लढाईत ज्यांचे पती आणि भाऊ गेले, त्यांनी पोट कसे भरावे? २००१ साली ती राजवट कोसळल्यावर बर्मक परतले आणि त्यांनी याच प्रश्नावर 'ओसामा' हा चित्रपट काढला. इराणचे दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ यांनी त्यांना साहाय्य केले. नायिका मरीना गुलबहारी ही काबूलच्या रस्त्यावर भीक मागणारी मुलगी होती.

कथा साधी आहे. घरात आजी, आई आणि मुलगी. मिळवते कोणीच नाही. मुलीचे केस कापून, मुलाचा वेश देऊन तिला कामाला धाडतात. कापलेली वेणी ती पोर कुंडीत रोपासारखी लावते. तो प्रसंग पाहताना माझ्या घशात आवंढा आला. पुढे बिंग फुटते आणि तिला एका म्हाताऱ्या मुल्लाच्या पदरी बांधतात.

बर्मक यांनी आधी चित्रपटाचे नाव 'इंद्रधनुष्य' ठेवले होते व शेवटही आशेचा योजला होता. मात्र तो खरा वाटेना, म्हणून त्यांनी तो काढून टाकला. कहाणी सुफळ संपूर्ण व्हावी, अशी आपली रीत. तरीही मला त्यांचा निर्णय योग्यच वाटतो. मुली बंदिवासात असताना पडद्यावर त्यांची सुटका दाखवून प्रेक्षकांनी निश्चिंत मनाने घरी जावे, हे त्यांना रुचले नसावे. २००४ साली या चित्रपटाला अमेरिकेत 'गोल्डन ग्लोब' पारितोषिक मिळाले.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा काबुलात आले. सहावीपुढील मुलींना शाळेची दारे बंद झाली. २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठांचीही. आपल्या लेकी सकाळी दप्तर घेऊन निघतात, तेव्हा हे आठवावे. बर्मक यांनी तो शेवट का बदलला, ते मग निराळे समजावून सांगावे लागणार नाही.