सूज उतरली म्हणजे बरं झालं?

"पोरगं सकाळी उठलं की डोळे सुजलेले असतात, नजर लागली असेल." आमच्या नांदेड-लातूरकडे हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. पण हसू नका हं! पूर्वी जगभरच सूज म्हणजेच आजार समजत.

ही समजूत मोडली ती चमचा आणि मेणबत्तीने. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातले डॉक्टर रिचर्ड ब्राइट सुजलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात तापवून बघत. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठायची. यातले जे रोगी दगावले त्यांची मूत्रपिंडं त्यांनी तपासली, तर ती बिघडलेली! १८२७ साली त्यांनी हे छापलं. म्हणजे सूज ही नुसती खूण, गळती मूत्रपिंडात.

खूण कळली, पण इलाज सव्वाशे वर्षं नव्हता. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये कितीतरी पोरं जंतुसंसर्गाने जात. आधी अँटिबायोटिक्स आली, मग १९५० च्या सुमारास स्टिरॉइड्स, आणि चित्र पालटलं.

अर्थात औषध निघालं तरी ते देणारा डॉक्टर जवळ हवा ना. मराठवाड्यात औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) मेडिकल कॉलेज १९५६ चं. लातूरला डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय काढलं १९६६ साली. नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८८ चं, लातूरचं २००२ चं.

डॉक्टर जवळ आले, पण जुनी समजूत घरातच राहिली. आमच्या नात्यातल्या एका मुलाला चौथ्या वर्षी हा आजार झाला. गोळ्या सहा आठवडे रोज, पुढे सहा आठवडे दिवसाआड. दहा-बारा दिवसांत सूज उतरली आणि घरात सुरू झालं, "स्टिरॉइड हाय म्हणं, बंद करा की आता." त्याची आई मात्र बधली नाही. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ती रोज सकाळची लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवायची, ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकायची आणि गढूळपणा किती राहिला ते वहीत लिहायची. कोर्स संपल्यावरही वही चालूच. काही महिन्यांनी सर्दीनंतर सलग तीन दिवस नळीत दाट साका आला. चेहऱ्यावर सूज अजिबात नव्हती! ती वही घेऊन तडक दवाखान्यात गेली आणि उपचार वेळेत सुरू झाले.

आता तपासायला पट्ट्याही मिळतात, पण मुद्दा ब्राइटचाच. चेहरा बघू नका, लघवी बघा. हा आजार बऱ्याच मुलांत पुन्हा पुन्हा उलटतो. पण स्टिरॉइड लागू पडलेल्या बहुतेकांची मूत्रपिंडं मोठेपणी चांगली राहतात. मात्र त्या गोळ्या मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

तेव्हा काका, मामा, आत्या मंडळी, सल्ला देण्याआधी पोराच्या आईला एवढंच विचारा, "वहीत काय लिहिलंय?"