घाशीराम मरतो, नाना सुटतो

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं आणि 'ही नाना फडणवीसांची, ब्राह्मणांची बदनामी' म्हणून गदारोळ झाला. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. १९७४ मध्ये थिएटर अकादमीने ते पुन्हा उभं केलं. १९७६ साली चित्रपट आला. त्यात मोहन आगाशे नाना, तर ओम पुरी घाशीराम. नाटकातली नाचगाण्यांची लय पडद्यावर हरवली, असं काहींना वाटतं. काहींना त्याच कोरडेपणात सत्तेचा व्यवहार जास्त उघडा दिसतो.

आमचा प्रश्न वेगळा आहे. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या भाषणात नोंदवलं. नानांच्या बदनामीने दुखावलेल्यांना ही विटंबना कधी टोचली?

तरीही हे नाटक आपल्या कामाचं आहे. नाना कोतवाल नेमतो, वापरतो आणि अंगाशी आल्यावर जमावापुढे टाकतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात १० जणांचा बळी गेला. २००९ साली सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती एका फौजदाराला. त्याच्या वरच्यांचं काय?

मित्रांनो, कोतवाल बदलत राहतात. जाब नानाला विचारायला शिकूया. जयभीम!